तारीखभाऊंचा शुक्रवार

तारीखभाऊ आल्यागेल्याला पाणी विचारायच्या आधी तारीख विचारत. लग्नाची पत्रिका हाती आली की वरवधूंची नावं बाजूला राहायची. त्यांचं बोट थेट तारखेवर जायचं, मग सदऱ्याच्या खिशातली छोटी दिनदर्शिका निघायची आणि निळ्या पेन्सिलीनं तिथं एक टिंब पडायचं. कुणी गाऱ्हाणं घेऊन आला तरी तेच. "का झालं ते मी आयकतो जी. पयले हे सांगा, कधीपर्यंत झालं पाह्यजे?" माणूस गोंधळायचा. आपल्या दुःखाला तारीख असते हे त्यानं कधी मनात आणलेलं नसायचं. नागभीडच्या आमच्या भागात त्यांचं खरं नाव फक्त मतपत्रिकेवर वाचायला मिळे. ते आमदार होते, पण आमदार म्हणूनही त्यांना कुणी हाक मारली नाही.

मी गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. माझं अक्षर बरं आणि नियमांची पुस्तकं वाचायचा मला कंटाळा नाही, एवढ्यावरून त्यांनी मला हाताशी धरलं. विधानसभेत द्यायच्या सूचना ते सांगत आणि मी लिहीत असे. मी आयुष्यात एक दिवस शिकवलेलं नाही, तरी ते मला "मास्तर" म्हणत. हिवाळ्यात अधिवेशन नागपूरला आलं की मी वाचनालयातून रजा काढून त्यांच्यासोबत जात असे. आमदार निवासाच्या खोलीत दोन लोखंडी पलंग, एक स्टोव्ह आणि त्यांच्या घरून आलेला तांदूळ. नागपूरचा भात त्यांना चालत नसे.

पाच-सात आमदारांच्या एका लहान विरोधी पक्षाचे ते गटनेते होते, म्हणून कामकाज सल्लागार समितीत त्यांना जागा होती. कोणत्या दिवशी कोणता विषय, किती वेळ, कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर, हे या समितीत ठरतं. एका बाजूला सरकारचे लोक, दुसऱ्या बाजूला विरोधक, मध्ये अध्यक्ष. बाहेर एकमेकांवर तुटून पडणारी माणसं तिथं चहा पीत दिवसांची वाटणी करतात. भाऊंना सभागृहापेक्षा ही खोली मोलाची वाटे. "भाषण कोनीबी करते, मास्तर. आपल्याले दिवस भेटला का नाई, तेवढं पाहाचं."

त्यांना दिवस हवा होता तो एका तलावासाठी. आमच्या गावाचा तलाव मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातला. खाली धानाची शेतं, वर मासेमारी करणारी साठेक घरं, आणि दोघांच्या मध्ये पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध. पाळीला भेग पडली होती. दर पावसाळ्यात ती बोटभर रुंद होई. दुरुस्तीला गेलं की जिल्हा परिषद म्हणे तलाव पाटबंधारे खात्याचा, आणि पाटबंधारे खातं म्हणे जिल्हा परिषदेचा. मंत्र्यानं सभागृहात उभं राहून "हा तलाव अमुक खात्याचा" असं एकदा म्हटलं की ते आश्वासन होतं, आणि मग कुणाला अंग काढून घेता येत नाही. त्या एका वाक्यासाठी भाऊ तीन हिवाळी अधिवेशनं अर्ध्या तासाची चर्चा मागत होते. दर वेळी विषय यादीच्या तळाशी लागे आणि दर वेळी अधिवेशन आधीच संपून जाई. संपलं की सूचना रद्द. पुन्हा मी नवी लिहायची.

सुलाबाई ही तिथल्या मासेमारांच्या सोसायटीची प्रमुख. अंगानं काटक, बोलायला तिखट. आम्ही नागपूरहून परतलो की ती मासळीची टोपली डोक्यावर तशीच ठेवून वाचनालयाच्या दारात उभी राही.

"भाऊ, तलावाचा नंबर लागला का जी?"

"लागते, बाई. या टायमाले लागते."

"तुमच्या तारखेले पाणी थांबून राह्यते का?"

भाऊ हसत आणि दिनदर्शिका काढत. मला हसू येत नसे.

चौथ्या हिवाळ्यात नंबर लागला. बुधवार, दुपारी तीन. भाऊंनी त्या दिवसाला टिंब न देता पूर्ण गोल केला. पण त्या वर्षी सरकारविरुद्ध एका मोठ्या चर्चेवरून रान पेटलं होतं. विरोधकांना ती ताबडतोब हवी होती आणि सरकारला शेवटच्या दिवशी. दोन दिवस सभागृह चाललंच नाही. समितीची बैठक तीनदा बसली, तीनदा मोडली. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. चौथ्यांदा दार उघडलं आणि भाऊ संसदीय कामकाज मंत्र्यांबरोबर बाहेर आले. मंत्री पश्चिम महाराष्ट्राकडचे, उंच, नीट बोलणारे. भाऊंच्या खांद्यावर त्यांचा हात होता. तो हात पाहूनच मी बाकावरून उठलो.

"भाऊ, तुम्ही बुधवार सोडलात म्हणून गाडी रुळावर आली," मंत्री म्हणाले. "शुक्रवारी तुमचा तलाव. मी स्वतः बसतो. उत्तर तयार आहे, खात्याचं नाव घालून."

"शब्द हाय ना, साहेब?"

"शब्द आहे."

मंत्री गेल्यावर मी बोललो. एरवी मी मोठ्यानं बोलत नाही. "भाऊ, चार वर्षांनी मिळालेला दिवस तुम्ही देऊन टाकला? शुक्रवार अधिवेशनाचा शेवटचा दिवस, इथं माणूस उरत नाही."

"सभागृह बंद पडलं होतं, मास्तर. दोघंही आडून बसले. कोनीतरी सरकाचं ना?"

"ते सरकतात का कधी?"

"म्हनूनच मी सरकलो," ते म्हणाले, आणि बुधवारचा गोल खोडून शुक्रवारी काढला.

बुधवारची मोठी चर्चा पंचवीस मिनिटं चालली. आरडाओरडा झाला, कागद भिरकावले गेले, विरोधकांनी सभात्याग केला आणि कामकाज संपलं. भाऊंची दुपार अशी खर्च झाली. त्यांच्या पक्षाचा एक तरुण आमदार बाहेर वार्ताहरांना हसतमुखानं मुलाखत देत होता. भाऊ त्याच्याकडे कौतुकानं पाहत म्हणाले, "पोरगा तयार होऊन राह्यला."

शुक्रवारी दुपारपासूनच आवारात गाड्या लागल्या. डिकीत संत्र्यांच्या पेट्या चढत होत्या. मी प्रेक्षक सज्जात जाऊन बसलो. खाली वीसेक सदस्य असतील. मंत्री मात्र शब्दाप्रमाणे आपल्या जागेवर होते, पुढ्यात फाइल घेऊन. सभागृह चालायला एकूण सदस्यांचा दहावा भाग हजर लागतो, आणि तेवढे नव्हते. पण कुणी बोट दाखवलं नाही तर कामकाज चालू राहतं. शेवटच्या दिवशी लहान माणसाचा विषय असला की कुणी माणसं मोजत नाही, अशी तिथली न लिहिलेली रीत. भाऊ तिच्या भरवशावर होते.

ते उभे राहिले. "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातल्या एका तलावाची पाळ..." सभागृहात ते असं माझ्यासारखं छापील बोलत. दोन वाक्यं झाली असतील, मागच्या बाकावरून आवाज आला. "अध्यक्ष महोदय, गणपूर्ती नाही! शेतकऱ्यांच्या प्रश्नावर सरकार किती गंभीर आहे ते महाराष्ट्राला दिसू द्या!"

तो त्यांचाच तरुण आमदार होता. त्याची नजर पत्रकार सज्जाकडे होती.

घंटा वाजू लागली. एकदा बोट दाखवल्यावर अध्यक्षांनाही इलाज नसतो. भाऊ हातातला कागद बाकावर ठेवून दाराकडे धावले. पंगतीला माणसं कमी पडली की यजमान धावतो तसे ते आवारात माणसं गोळा करत फिरले. मीही खाली उतरलो. "साहेब, पाच मिनिटं फक्त. या ना जी," असं ते एका गाडीच्या खिडकीपाशी वाकून म्हणत होते. आतल्या सदस्यानं विमानाची वेळ सांगितली. मंत्रीही बाहेर आले आणि त्यांनी आपल्या बाजूचे दोघं दंडाला धरून आत नेले. तेवढ्यानं भागलं नाही. घंटा थांबली, सभागृह तहकूब झालं आणि अधिवेशनही तिथंच संपलं.

मंत्र्यांनी जाताना फाइलमधला टंकलिखित कागद भाऊंना दाखवला. त्यात खात्याचं नाव स्पष्ट लिहिलं होतं. मी म्हणालो, "साहेब, हा कागद तरी द्या." त्यांनी मान हलवली. "सभागृहात वाचलं असतं तर आश्वासन झालं असतं. आता हा नुसता कागद आहे. खात्यात कुणी विचारणार नाही." त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. ज्याच्याविरुद्ध आम्ही निवडणुका लढलो त्यानं शब्द पाळला होता. माझा राग कुठं ठेवावा हे मला कळेना.

परतीच्या बसनं उमरेड सोडलं. मग मीच विचारलं, "त्या पोराला तुम्ही काही बोलला नाहीत?"

"त्यानं नेमातलं केलं."

"भाऊ!"

"मले आवडलं नाई. पन नेमात बसते." खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "त्याचं सोडा, मास्तर. माह्या हाती बुधवार होता."

त्यांच्या चांगुलपणाचा मला इतका संताप कधी आला नव्हता. तो आजही पुरता गेलेला नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाळ फुटली. दिवसाची वेळ होती, म्हणून माणसं वाचली. पाणी धानाच्या बांध्यांवरून गेलं आणि मागे हातभर गाळ राहिला. गाळात चांदीसारखे मासे तडफडत होते, आणि ज्यांनी ते पोसले होते तेच त्यांच्याकडे नुसतं पाहत उभे होते. भाऊ धोतर खोचून तुटलेल्या टोकापर्यंत गेले. सुलाबाई तिथं होती. तिनं आवाज चढवला नाही.

"तलाव गेला, भाऊ. आता काहाची तारीख मांगता?"

त्यांचा हात खिशाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला.

त्यानंतर ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत. रोज सकाळी वाचनालयात येत, वर्तमानपत्रात नागपूर-मुंबईच्या कामकाजाची बातमी शोधत आणि मला नवी सूचना लिहायला लावत. ती नव्या आमदाराकडे स्वतः नेऊन देत. नवा आमदार दुसऱ्या पक्षाचा, एकेकाळी त्यांना हरवायला निघालेला. भाऊंना त्याचं काही वाटत नसे. "नाव कोनाचंबी राहो. दिवस लागला पाह्यजे." काही वर्षांनी त्या आमदारानं खरंच लक्षवेधी सूचना लावून घेतली. पाळ पुन्हा बांधायची मागणी, अधिवेशनाचा पहिला दिवस, तिसरा क्रमांक. भाऊंनी गोल काढला. त्या दिवसाच्या बारा दिवस आधी ते झोपेतच गेले.

गावातली माणसं ठरल्याप्रमाणे नागपूरला गेली. सज्जाचा पास एकच मिळाला, तो मला दिला. सभागृह गच्च भरलेलं होतं. पहिलाच विषय शोकप्रस्ताव. मुख्यमंत्री बोलले, विरोधी पक्षनेते बोलले, शब्द पाळणारे ते जुने मंत्री बोलले. गणपूर्ती मोजणारा तरुण आता तरुण नव्हता, तोही बोलला आणि चांगलं बोलला. कुणी कुणाला अडवलं नाही. सगळे उभे राहिले. मग माजी सदस्याच्या सन्मानार्थ सभागृह दिवसभरासाठी स्थगित झालं. माझ्या हातातल्या कामकाजाच्या यादीवर तिसऱ्या क्रमांकाला तलाव तसाच होता.

बाहेर रस्त्याच्या कडेला सुलाबाई बसली होती. मला पाहून उठली.

"तलावाचं झालं का, मास्तर?"

"नाही, बाई. आज भाऊंचं झालं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग त्या इमारतीकडे पाहून तिनं विचारलं.

"आज कोनी मानसं मोजली नाई ना?"

"नाही, बाई," मी म्हणालो. "आज सगळे होते."