नाल्यावरची पाहणी

हे मी आजवर कुणापाशीच बोललो नाही — बायकोपाशी नाही, ऑफिसातल्या जिवलगांपाशीही नाही. आता तुम्हाला सांगतो.

जिल्ह्याच्या विकासनिधीचं नियोजन हे माझं काम. सरकारकडून पैसा येतो, तो मार्चअखेर खर्ची घालायचा, नाहीतर परत. माझ्या हातून तो कधी परत गेला नाही, बरं का! एक काम अडलं की निधी दुसऱ्याकडे वळवायचा — यात अख्ख्या वर्धा जिल्ह्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. हे आजही ताठ मानेनं सांगतो.

मग घोडं अडलं कुठे?

रोहण्यापलीकडच्या एका गावात नाल्यावर पूल मंजूर होता. पावसाळ्यात पलीकडची शेतं तुटायची. सरपंच शोभाताईंनी पुलासाठी आमच्या ऑफिसचे उंबरे झिजवले होते. राहिली होती फक्त जागेची पाहणी, आणि ती माझ्याकडे. ऊन म्हणा, कंटाळा म्हणा... मी गेलोच नाही. मार्च संपत आला. पुलाचा पैसा मी शहरातल्या उंच दिव्यांकडे वळवला. दिवे काय, बघता बघता उभे!

ताई विचारायला आल्या. थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला त्या हिंगणघाटला जाऊन आल्याचं माझ्या कानावर होतं. मी काय म्हणालो असेन?

"आम्ही येऊन गेलो ना, ताई. तुम्हीच नव्हता गावात. सरपंचाशिवाय पाहणी कशी करणार?"

किती सहज बोललो! त्यांचा चेहरा पडला. "माहीच चूक झाली, साहेब," एवढंच म्हणाल्या. ग्रामसभेतही त्यांनी तेच सांगितलं, आणि गावाची बोलणी मुकाट ऐकून घेतली.

पुढच्या वर्षी पूल पुन्हा मंजूर झाला. या वेळी मी गेलो — उपकार केल्यासारखा. ताई नाल्यावर उभ्याच होत्या. पाहणी झाल्यावर अंगणात त्यांच्या जाऊबाईंनी चहा दिला आणि कौतुकानं सांगू लागल्या, "धाकटीच्या बाळंतपणाले गेल्याच नाई ह्या. पोरगी दवाखान्यात मायचं नाव घेऊन राह्यली होती. पण ह्या म्हणे, मी गेली अन् साहेब आले तं?"

ताई समोरच होत्या. मला लाज वाटली, फार लाज वाटली. सांगायचं तर तेव्हाच होतं — नाही का?

मी म्हणालो, चहा छान झालाय.