सव्वीस तारखेपर्यंत

नगरच्या स्टेशनवर गाडीला तासभर उशीर होता, आणि तो सगळा तास बाबा माझ्या ट्रंकेवर बसून होते. लग्नाला बारा दिवस झालेले. हे दिल्लीला केंद्र सरकारच्या खात्यात कारकून, रजा संपलेली. आईचा पदर डोळ्यांवरून खाली येत नव्हता. वसंता, माझा धाकटा भाऊ, दर पाच मिनिटांनी गाडी दिसते का बघायला फलाटाच्या टोकापर्यंत पळायचा. बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. रोग्याला गोळ्या कशा घ्यायच्या ते ज्या आवाजात बजावत, त्याच आवाजात मला म्हणाले, “तिकडं थंडी फार आहे, कान बांधून राहा. आणि नाताळ घरात करायचा, पोरी. विकतचा आणून ताटात मांडायचा नाही.” गाडी आली तेव्हा ते उठले, ट्रंक स्वतः डब्यात चढवली आणि मागं न बघता चालायला लागले. मला राग आला होता त्यांचा. निदान हात तरी हलवायचा ना!

वसंता, हे मी आधी तुझ्यासाठी लिहितेय, आणि मग मेलबर्नला असलेल्या माझ्या लेकीसाठी, अर्पणासाठी. तुझी समजूत अशी, की बाबा शेवटचे दिवस मोजत होते आणि ताई दिल्लीत नाताळ करत बसली. खरंच बसले होते. बाबा गेले त्या दिवशी मी करंज्या तळत होते, दुसऱ्या दिवशी अनारसे. पण मला माहीत नव्हतं रे. मला सांगितलंच नव्हतं.

आता नीट पहिल्यापासून सांगते.

सरकारी क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढं व्हरांडा. आजूबाजूला सगळी पंजाबी घरं. आम्ही ख्रिस्ती म्हटल्यावर त्यांना वाटायचं आम्ही साहेबाची औलाद. “बडे दिन पे आप लोग तो डांस करते होंगे ना?” असं मला भाजीवाल्यासमोर विचारलेलं आहे. डांस! आमच्याकडं नाताळला पहाटेची उपासना, मग फराळाची ताटं झाकून घरोघरी पाठवायची. पण ते ऐकणार कोण? मराठी उपासना महिन्यातून एकदा, तिलाही बस बदलून जायचं. पहिल्या नाताळला ह्यांनी बेकरीतून केक आणला, वर गुलाबी साखरेचं फूल. मी तो फडताळात ठेवला आणि दिवसभर बोलले नाही. बिचाऱ्यांना काय चुकलं तेच कळेना.

सहाव्या वर्षी मी हट्टालाच पेटले. अर्पणा पाच वर्षांची, अमोल दोन. म्हटलं, आता अख्ख्या ब्लॉकला बोलवायचं आणि दाखवायचंच, ख्रिस्ती माणसाचा सण कसा असतो ते. चाळीस माणसं. एकही जिन्नस बाजारचा नाही. हेही खुश, ऑफिसात सांगत सुटले.

एक तारखेला अनारशाचे तांदूळ भिजत घातले. तीन दिवस पाणी बदललं, वाळवले, कुटले, गूळ घातला. पण दिल्लीच्या थंडीत पीठ काही मुरेना. शेवटी डबा अमोलच्या रजईत गुंडाळून ठेवला, पोरगं मधूनमधून त्याला थोपटायचं. सदर बाजारातून पतंगाचा कागद आणला, बांबूच्या कामट्या बांधून बाबा करायचे तसा तारा केला. खळ लावायचं काम अर्पणाचं. कागदाला कमी आणि केसांना जास्त. गव्हाणी पुठ्ठ्याच्या खोक्याची. त्यातली मातीची गाय अर्पणानंच केली होती, शिंगं टिकेनात म्हणून तिला डोक्यावरून फडकं बांधलं. त्या दिवसांत मी सारखी गात होते. एवढी आनंदात मी दिल्लीत कधीच नव्हते, हे कबूल करायला आज लाज वाटते.

एकोणीस तारखेला हे ऑफिसातून आले आणि बुटांसकट पाटावर बसले. मी ओरडले, “अहो, बूट! सगळीकडं पीठ आहे.” उठले, बूट काढले, हात धुऊन आले आणि न सांगता करंजीत सारण भरायला लागले. लग्नानंतर सहा वर्षांत ह्या माणसानं कधी पेला विसळला नव्हता. मी म्हटलं, “आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!” हसले नाहीत. म्हणाले, “तू एकटीनं किती करशील?” मला इतकं बरं वाटलं की मी आईला पत्रातसुद्धा लिहिलं, जावई करंज्या भरतायत म्हणून.

त्या दिवशी दुपारी ऑफिसात, साहेबांच्या टेबलावर, वसंता, तुझा ट्रंक कॉल आला होता. बाबा सिरियस आहेत, ताईचं नाव घेतायत, तिला पाठवा. त्याच रात्रीच्या गाडीनं निघाले असते तर एकवीसला सकाळी बाबांच्या खाटेशी असते.

तीन दिवस ते माझ्या शेजारी बसून करंज्या भरत होते. बावीसला आले तेव्हा डोळे लाल. “काय झालं?” “धूर आहे किती आत.” खरंच होता, तेल तापत होतं. मग स्टूल घेऊन व्हरांड्यात गेले आणि तारा टांगला. मी बाहेर येऊन बघितला आणि म्हटलं, “वाकडा लावलात. बाबा असते तर हसले असते तुम्हाला.” हे वाक्य मी बोलले. बाबा त्या दिवशी सकाळीच गेले होते, आणि तुझा दुसरा फोन ऑफिसात येऊन गेला होता. माझ्या नवऱ्यानं स्टुलावरूनच तारा सरळ केला.

तेवीसला केकचं सामान घेऊन आम्ही बेकरीत गेलो. तिकडं तेव्हा आपलं तूप, मैदा, अंडी घेऊन जायचं, भट्टीवाला समोर भाजून द्यायचा. धुक्यात रांगेत उभं राहून हे मध्येच म्हणाले, “तुला नगरची फार आठवण येते का गं?” मी म्हटलं, “आत्ता कसली आठवण? केक करपला तर चाळीस माणसांसमोर शोभा होईल.” तिथं त्यांनी सांगायला हवं होतं. त्यांच्या ओठांवर आलं होतं, मला आता कळतं. माझ्याच जिभेनं ते परत ढकललं.

पंचवीसला माणसं आली. ताटं भरून ठेवलेली: करंज्या, अनारसे, चकल्या, बेसनाचे लाडू, केकच्या वड्या. सगळ्यांनी खाल्लं, “वाह भाभीजी” म्हणाले, आणि गप्प. डांसबद्दल कुणी विचारलं नाही. कुणी जोरात हसलंसुद्धा नाही. मला वाटलं, माझ्या हातच्या चवीनं गप्प केलं एकेकाला. अशी मी शहाणी!

फक्त शेजारच्या बीजींनी तोंडात काही घातलं नाही. बीजी म्हणजे ह्यांच्याच ऑफिसातल्या मल्होत्रांची आई, फाळणीत लाहोरहून आलेली. पांढरी ओढणी घेऊन आल्या, माझा हात धरून कोपऱ्यात बसून राहिल्या. मी करंजी पुढं केली तर म्हणाल्या, “नहीं बेटा, आज मेरा मुँह मीठा नहीं होगा।” माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, आली का विटाळाची गोष्ट! सगळ्यांसमोर बोलले, “बीजी, हमारे घर का नहीं चलता तो साफ बोलिए। अंडा सिर्फ केक में है, इसमें नहीं है।” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेल्या. त्यांच्या पाठीमागं मी बायकांना म्हटलंही, “बघा, मनात काय असतं माणसांच्या!” बायका खाली बघत होत्या.

सव्वीसला सकाळी ह्यांनी चहा केला. मला बसवलं. म्हणाले, “बाबा गेले.”

“कधी?”

“बावीसला.”

“तुम्हाला कधी कळलं?”

इथं खोटं बोलता आलं असतं, मला कधीच कळलं नसतं. पण तेवढं मात्र ते बोलले नाहीत. “एकोणीसला फोन आला होता. सिरियस होते. तुझं नाव घेत होते. मला वाटलं, सण होऊन जाऊ दे, सव्वीसला निघू. एवढं केलंस तू, एवढी खुश होतीस. मला वाटलं बाबा तोवर काढतील.”

मी रडले नाही. सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार आला तो बाबांचा नव्हता. पहिला विचार आला, ब्लॉकमधल्या सगळ्यांना माहीत होतं. मल्होत्रांना ह्यांनी सांगितलं होतं, मल्होत्रांनी घरी, आणि मग राहतंय काय? चाळीस माणसं मरण झालेल्या घरात बसून गोड खात होती, आणि ते घर मिरवत होतं.

आपल्याकडं ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात त्या वर्षी कढई चढत नाही. चर्चच्या मंडळीतले लोक फराळ आणून देतात. आपण ख्रिस्ती झालो तरी हे काही सुटलं नाही. माझ्या घरात मात्र तीन कढया चढल्या. माझ्या बाबांचं सुतक पाळलं ते एकट्या बीजींनी. मी तशीच त्यांच्या दारात गेले. त्या म्हणाल्या, “मैंने तेरे आदमी को बोला था, बता दे उसे, नहीं तो सारी उम्र रोएगी। नहीं माना। मेरी माँ उधर ही रह गई थी बेटा, मुझे छह महीने बाद पता चला।” मग मी रडले, त्यांच्या उंबऱ्यावर बसून, भर सकाळी, सगळा ब्लॉक ऑफिसला जात असताना.

नगरला पोचले तेव्हा माती होऊन सहा दिवस झाले होते. आईनं मला जवळ घेतलं आणि विचारलं, “तुझा नाताळ झाला ना नीट?” टोमणा नव्हता तो. आईला टोमणे येतच नसत. तिनं मनापासून विचारलं, आणि मी “हो” म्हटलं. वसंता, तू मात्र विचारलंस, “एवढं काय होतं गं तिकडं?” मी म्हटलं, “रिझर्वेशन मिळालं नाही.” तुला ते खोटं वाटलं, आणि खोटंच होतं. नवऱ्याला पाठीशी घातलं असं समजू नकोस. मला परत त्याच क्वार्टरमध्ये, त्याच माणसाबरोबर राहायला जायचं होतं. खरं सांगितलं असतं तर तू त्यांना दारात उभं केलं नसतंस, आणि माझं माहेरही तुटलं असतं. मी खोटं बोलून दोन्ही ठेवायला गेले. तू मात्र त्यानंतर मला “ताई” म्हणून पत्र लिहिलं नाहीस, नुसतंच “स. न. वि. वि.”

ह्यांना माफ केलं का? तोंडानं केलं. पण पुढं दर नाताळला ते करंज्या भरायला पाटावर येऊन बसले की मी ताट माझ्याकडं ओढून घ्यायची. ते उठून जायचे. तीस वर्षं हे चाललं. ते गेल्यावर मी करंज्या करायचंच सोडलं.

आता मी गुडगावला, अमोलकडं, चौदाव्या मजल्यावर. सोसायटीच्या लॉबीत छतापर्यंत पोचणारं प्लास्टिकचं झाड आहे, केक अॅपवरून येतो, सून म्हणते, “आई, तुम्ही बिल्कुल काही करायचं नाही.” बिल्कुल करत नाही मी. ते क्वार्टर पाडलं, बीजी गेल्या, नगरच्या घरात, वसंता, तुझी नातवंडं आहेत, ती मला फोटोवरून ओळखतात. तुमचं घर कुठलं, असं लिफ्टमध्ये कुणी विचारलं की मी मजला सांगते.

आणि अर्पणा, आता तुझ्यासाठी. तू तिकडं भर उन्हाळ्यात नाताळ करतेस, पोरांकडून तारे चिकटवून घेतेस, मला व्हिडिओ पाठवतेस. तुझी अनारशाची जाळी माझ्यापेक्षा चांगली पडते. गेल्या सोमवारी माझे रिपोर्ट आले. अमोलनं ते वाचले, माझ्यासमोर बसला, आणि म्हणाला, “आई, दीदीला आत्ता नको ना सांगायला यार. तिचं सगळं चाललंय, पोरं एक्साइटेड आहेत. सव्वीसला सांगू.”

सव्वीसच म्हणाला. त्याला यातलं काही माहीत नाही, तेव्हा तो दोन वर्षांचा होता. बापाचाच प्रेमळ, भित्रा चेहरा. मला त्याचा राग आला नाही. पहिल्यांदाच मला ह्यांचाही राग आला नाही. आणि खरं सांगू? क्षणभर मलाही वाटलं, खरंच, होऊ दे तिचा सण. एवढं सोपं असतं ते, हे मला त्या दिवशी कळलं.

इतकी वर्षं मी घर म्हणजे नगर समजत होते. नगर नव्हे गं. जिथं आपल्या माणसाची वाईट बातमी आपल्याला ताजी असताना सांगतात, ते घर. मला तसं घर मिळालं नाही. तुला मिळायला हवं.

म्हणून ऐक. माझ्या पोटात गाठ आहे, ती यकृतात पसरली आहे. डॉक्टर महिन्यांची भाषा करतात, वर्षांची नाही. दुखतं, पण सोसवतं. आज अकरा तारीख आहे. अनारशाचं पीठ मुरत ठेवलं असशील तर टाकून दे, पोरांना रडू दे थोडं, आणि ये.