अण्णांच्या डोक्यावरची जीप

आमच्या घरी गाडी उचलून ठेवायची लिफ्ट आहे, हे मी उमरग्यात कोणाला आपणहून सांगत नाही. सांगितलं की लोक आधी हसतात, मग बघायला येतात आणि चहा पिऊन जातात. चार खांब, मध्ये लोखंडी फलाट. बटण दाबलं की फलाटावरची गाडी वर जाते आणि तिच्याखाली दुसरी गाडी लावायला जागा होते. शहरात जागा नाही म्हणून असलं यंत्र बसवतात. आमच्या घरी ते बसलं अण्णांच्या हट्टापायी.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची जुनी जीप होती आणि ती विकायचा विषय काढायची सोय नव्हती. मी नवी गाडी घेतली, पण गॅरेज एकाच गाडीचं. बाहेर लावावी तर हायवेवरून गल्लीत घुसणारे ट्रक ती खरचटून जायचे. अखेर सोलापूरहून माणसं बोलावून लिफ्ट बसवून घेतली. जीप कायमची वर गेली आणि अण्णांचं तोंड बंद झालं, असं मी म्हणायचो. खरं तर मीच दोन गाड्यांचा मालक म्हणून मिरवत होतो.

लिफ्ट बसवणाऱ्यांनी जाताना बजावलं होतं. जीप वर जाताना खांबातली लॉकची खिटी पट्टीवरून सरकते आणि खटखट वाजते. वर पोचली की फलाट थोडा खाली सोडायचा, म्हणजे तो चारही खिट्यांवर टेकतो. मग तेल गळो की पाइप फुटो, जीप खाली येत नाही. लॉक सोडवायचा दांडा पुढच्या खांबावर, त्याला उगाच हात लावायचा नाही. आणि वर गाडी असताना खाली कोणी बसायचं नाही. मी मान डोलावली. लाल अक्षरांतली पाटीही त्यांनी खांबाला लावली.

त्या पाटीवर महिन्याभरात अण्णांची पिशवी लटकू लागली.

त्याला कारण ऊन. आमची ओसरी पत्र्याची, दुपारी तिथं भाकरी भाजून निघेल. मी नवी गाडी घेऊन दुकानात गेलो की जीपखालची जागा रिकामी, गार आणि वारा खेळता. अण्णांनी आधी एक खुर्ची नेली, मग त्यांच्या मित्रांसाठी आणखी दोन. एक मित्र एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, दुसरे शिंपी. कंडक्टरकाका वर बघून म्हणायचे, बसा निवांत, ही गाडी काही सुटायची नाही. मी पहिल्यांदा चिडलो, खुर्च्या उचलून आणल्या. दोन दिवस अण्णा तापलेल्या ओसरीत गप्प बसून राहिले. मग मलाच बघवेना. मी म्हटलं, बसा, पण लॉक बसलेलं असेल तरच, आणि लिफ्टला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. अण्णा लगेच कबूल झाले. लॉकची जबाबदारी अशी मी स्वतःच्या तोंडानं अंगावर घेतली होती.

दसऱ्याला जीप खाली उतरवायची, धुवायची, पुजायची, हा आमच्या घरचा नेम. यंदाही उतरवली. अण्णांनी जीपला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मग त्यांच्या मनात आलं, जी आपली जीप अंगावर घेऊन उभी असते त्या लिफ्टनं काय पाप केलंय? तिलाही हार पाहिजे. पुढच्या खांबाला त्यांनी झेंडूचा हार घातला. तो सुटू नये म्हणून सुतळीनं चांगला आवळून, खांब आणि दांडा एकत्र बांधला. दांडा ओढलेला राहिला आणि लॉक उघडं राहिलं.

मी तेव्हा तिथंच होतो. फोनवर. खत आणि बियाण्याचं माझं दुकान, सणाच्या दिवशीही गिऱ्हाईक सोडत नाही. एका कानाला फोन लावून मी बटण दाबलं. समोर दांड्यावर हार होता, तो मला दिसला. मनात येऊनही गेलं की सोडवावा, पण पूजेचा हार त्याच दिवशी काढायचा कसा, म्हणून हात आखडला. जीप वर गेली. मी फोनवर हसत बाहेर पडलो.

दुपारी जेवायला आलो तर तिघेही जीपखाली बसलेले. सणाचा दिवस, अण्णांच्या अंगावर पांढरं धोतर, डोक्यावर नवी टोपी. मी स्वयंपाकघरात हात धुवायला गेलो. त्या खिडकीतून गॅरेज दिसतं. एरवी फलाट खिडकीच्या वर असतो. त्या दिवशी तो खिडकीच्या वरच्या गजापर्यंत आला होता. मी बघत राहिलो. तो हलताना दिसत नव्हता, पण गज मात्र हळूहळू झाकला जात होता. कुठंतरी तेल गळत होतं आणि जीप खाली येत होती.

मी ओरडत धावलो. शिंपीकाकांना दंडाला धरून ओढलं, कंडक्टरकाका आपणच उठले, अण्णांची काठी खुर्चीत अडकली होती ती लाथेनं उडवली आणि त्यांना जवळजवळ फरफटत बाहेर आणलं. तिघेही अंगणात आले. कोणाला काही झालं नव्हतं. माझी नजर त्या दांड्यावरच्या हारावर गेली आणि माझा तोल सुटला.

"केस पिकले तरी अक्कल नाही आली तुम्हाला," मी अण्णांना म्हणालो. "तिघांना मारलं असतं तुम्ही."

दोन मित्रांदेखत म्हणालो. दसऱ्याच्या दिवशी म्हणालो. अण्णांची टोपी ओढाताणीत पडली होती. त्यांनी ती उचलली, झटकली आणि घातली. मित्र पायात चपला अडकवून निघून गेले. मी फलाट हळूहळू पार खाली आणला आणि कात्रीनं हार कापून टाकला. तो कापतानाच मला आठवलं की सकाळी मी दांड्याकडे बघितलं होतं. वर गेल्यावर फलाट लॉकवर टेकवायचाही राहिला होता. चोराच्या उलट्या बोंबा कशाला म्हणतात ते मला हातात कात्री असतानाच कळलं. तरीही मी घरात जाऊन जेवलो. चूक मान्य करायला माझी जीभ नेहमी उशिरा उठते.

संध्याकाळी सोनं द्यायला माणसं आली. आपट्याची पानं हातात ठेवून पाया पडणाऱ्या प्रत्येकाला अण्णा दुपारची गोष्ट सांगत होते. त्यांच्या गोष्टीत हार त्यांनी बांधला, चूक त्यांनी केली, आणि पोरगा वेळेवर धावून आला म्हणून तीन म्हाताऱ्यांना हा दसरा दिसला. माझ्या शब्दांचा त्यात मागमूस नव्हता. लोक माझी पाठ थोपटत होते. मी पानं घेत होतो, पानं देत होतो आणि मला कुठं तोंड लपवावं ते कळत नव्हतं. आलेल्या कोणालाही मी खरं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा ओसरीत चहा घेत होते. खुर्ची त्यांनी स्वतःच तिथं आणून ठेवली होती. मी त्यांच्यासमोर खाली बसलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, पण तोंडातून सरळच निघालं.

"अण्णा, काल चूक माझी होती. लॉक बसलं की नाही हे बघायचं काम माझं. मी बघितलं नाही, आणि वर तुम्हालाच बोललो."

अण्णांनी बशीतला चहा संपवला.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "जीप वर जाताना खटखट झालंच न्हाय. म्या तिथंच हुतो की."

मी विचारलं की, कळलं होतं तर तुम्ही बोलला का नाहीत, आणि दुपारी तिच्याखाली जाऊन बसलात कसे?

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं असावं.

"तू चढवली हुतीस नव्हं," ते म्हणाले. "म्या म्हनलं, माझेच कान गेले आसतील."