वच्छलाबाईची हाक

वच्छलाबाईबद्दल सांगायचं तर आधीच सांगून टाकते, ती मला आवडत नाही. आजही नाही. तिचं अंगण माझ्या अंगणापेक्षा नेटकं सारवलेलं असतं, तिच्या शेळ्या तिच्या एका शब्दावर आत जातात, आणि चाळिशी जवळ आली तरी डोक्यावर दोन घागरी पाणी घेऊन ती अशी ताठ चालते की हापशीजवळ बसलेले रिकामटेकडे माना वळवतात. मी गावची आशा सेविका. घरोघरी गोळ्या पोचवते, बाळंतिणींना दवाखान्यात नेते, कोणाच्या घरात काय दुखतं ते मला ठाऊक असतं. वच्छलाबाई कधी आजारीच पडत नाही. त्याचाही मला राग येतो.

आमचं गाव आंबेटोला, पोंभुर्ण्यापासून आत, जंगलाला लागून. माझा नवरा झिंगू. मी त्याचं नाव घेते ते सासूला खपत नाही, पण आता सवय झाली आहे तिला. झिंगू आणि वच्छलाबाईचा नवरा चंदन हे लहानपणापासूनचे जिवलग. दोघांच्या घरची मोहाची झाडंही शेजारी शेजारी. जंगल सरकारचं असलं तरी कोणतं झाड कोणाचं हे आमच्यात आज्यापणज्यापासून ठरलेलं असतं, त्यावरून भांडण होत नाही.

मोह वेचायचीही एक रीत आहे. झाडाखालचा पाला आधी जाळून जागा मोकळी करायची आणि उजाडताना फुलं वेचायला बसायचं. वेचणारा सारखा वाकलेला असतो, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं म्हातारे सांगतात. म्हणून मधूनमधून एकानं ‘हूऽऽ’ अशी हाक द्यायची आणि शेजारच्या झाडाखालच्यानं तशीच ओ द्यायची. दोनदा हाक देऊन ओ आली नाही, तर टोपलं तिथंच ठेवून त्याला बघायला जायचं. हे आमच्या लेकरांनाही माहीत असतं.

तीन उन्हाळ्यांमागे मोहाच्या दिवसांत चंदनला वाघानं धरलं. झिंगू पलीकडच्या झाडाखाली होता. तो कुऱ्हाड घेऊन ओरडत धावला, वाघ चंदनला टाकून निघून गेला, पण चंदनमध्ये जीव उरला नव्हता. एवढंच त्यानं गावाला सांगितलं, वनखात्याच्या लोकांना सांगितलं आणि मलाही एवढंच सांगितलं.

त्यानंतर घरात जो माणूस परत आला तो माझ्या ओळखीचा नव्हता. वाळल्या पाल्यावरून कोंबडी चालली तरी दचकून उभा राहायचा. जेवताना भिंतीला पाठ लावून बसायचा. झोपेत ओरडायचा, म्हणून झोपच नको म्हणायचा. जंगलाचं नाव काढलं की तोंड फिरवायचा. मी विचारलं की एकच उत्तर, “काई नाई झालं मले.”

मग दारू आली. आमच्यात मोहाची दारू देवाला लागते, लग्नाला लागते, आणि पिण्याआधी पितरांच्या नावानं दोन थेंब जमिनीवर सांडायचे असतात. झिंगूनं कधी ते चुकवलं नव्हतं. एके दिवशी सासू मला बाजूला घेऊन म्हणाली, “दीपिका, तो आता थेंब सांडत नाई वं.” मी म्हटलं, सांडायला उरतं कुठं. सासू रडायला लागली तेव्हा मला कळलं की ती काय सांगत होती. आता तो सणासाठी पीत नव्हता, औषधासारखा पीत होता, आणि औषधाची मात्रा वाढत चालली होती.

हेही मी सोसलं असतं. दारुड्या नवऱ्याची बायको मी गावात एकटी नाही. पण तो रोज दिवेलागणीला उठून वच्छलाबाईच्या अंगणात जाऊ लागला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“रोज तिच्याकडं जाऊन तुमी करता काय?”

“बसतो.”

“बसायले आपलं घर नाई का?”

त्यावर गप्प. त्या गप्प बसण्यानं मी जास्त पेटायचे. विधवा बाई, नेटकं अंगण, ताठ चालणं, आणि माझा नवरा. हापशीवर बायका मला पाहून आवाज बारीक करायच्या. रात्री तो बाजूला पडलेला असायचा आणि मी विचार करायचे की तिच्याशी हा बोलत असेल. माझ्याशी दोन शब्द नाहीत आणि तिच्याशी मात्र बोलत असेल. तिच्या हातचं गोड लागत असेल. तिच्या शेळ्यांचं सुद्धा कौतुक करत असेल मेला.

एक दिवस मी घरातल्या सगळ्या बाटल्या उकिरड्यावर ओतल्या, झिंगूला खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. म्हटलं, दारूही सुटेल आणि तिचं अंगणही सुटेल. दुसऱ्या दिवशी त्याचे हात लटलट कापायला लागले, अंगाला घाम, कोपऱ्याकडे बोट दाखवून “तो पाहा, तो पाहा, आला” म्हणायला लागला. मग त्याला झटका आला. दात आवळले, डोळे फिरले. सासूनं आणि मी त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर माझ्यावरच चिडले. इतक्या दिवसांची दारू घरी अशी एकदम तोडली तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो, आशा असून एवढं ठाऊक नाही का, म्हणाले. मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सासूला त्याच्या झोपेबद्दल विचारलं, दचकण्याबद्दल विचारलं, आणि मग शांतपणे समजावलं की दारू हा अर्धाच आजार आहे. जिवावरचा प्रसंग पाहिलेल्या माणसाच्या मनात कधी कधी तो प्रसंग संपतच नाही. अंग सारखं जागं राहतं, वाघ अजून मागं उभा असल्यासारखं. दारूनं ते घटकाभर निजतं, उतरली की दुप्पट भीतीनं उठतं, म्हणून माणूस परत पितो. एकावर उपचार करून दुसरं सोडलं तर दोन्ही परत येतात. चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात भरती करा, तिथं दारू बेतानं सोडवतील आणि बोलायला माणूसही आहे. आणि लवकर करा, यकृतही सुजलं आहे.

झिंगू म्हणाला, “मी नाई जात.” घरी आला, दोन दिवस पडून राहिला, परत प्यायला आणि परत तिच्या अंगणात गेला. हा माणूस असाच मरणार होता, आणि मरेपर्यंत संध्याकाळ तिलाच देणार होता.

तेव्हा मी तापाच्या तपासणीची पिशवी खांद्याला अडकवली आणि तिच्या कुंपणामागं जाऊन उभी राहिले. कोणी विचारलं असतं तर रक्त तपासायला आले म्हणून सांगायची तयारी होती.

झिंगू अंगणाच्या एका टोकाला, भिंतीला पाठ लावून बसला होता. बाटली त्याच्या पायाशी, बूच लावलेलं. वच्छलाबाई आत शेळ्या कोंडत होती. दोघं एकमेकांकडे पाहतही नव्हते. मग आतून तिची हाक आली, “हूऽऽ.”

झिंगूचं अंग शहारलं. तोंड उघडलं, मिटलं. तिनं पुन्हा हाक दिली. तेव्हा त्यानं ओ दिली, “हूऽऽ,” आणि मान गुडघ्यांत घातली. बस्स. एवढंच.

खरं सांगते, त्या अंगणात मला दुसरं काही दिसलं असतं तर बरं झालं असतं. त्यावर मला भांडता आलं असतं. हे माझ्या डोक्याबाहेरचं होतं, आणि त्यात मला जागाच नव्हती.

झिंगू गेल्यावर मी सरळ आत शिरले. “हे काय चाललं आहे वच्छलाबाई?”

ती घाबरली नाही. पाट दिला. मी बसले नाही.

“तुले सांगतलं नाई त्याईनं?”

“काय?”

“त्या रोजी चंदननं हाक दिली. झिंगूभाऊले आइकू आली. त्याईनं ओ दिली नाई.”

“काऊन?”

“आमच्या झाडाले त्या साली लई फुलं लागली होती. तुमच्या टोपल्याचं बूडबी झाकलं नव्हतं. रुसून बसले होते. चंदननं दुसऱ्यांदा हाक दिली, तवाबी गप. मग चंदन टोपलं ठेवून त्याईले पाहाले निघाला. मधातच धरलं त्याले.”

मी पाटावर टेकले. जळण्याचा गुण आमच्या घरात दोघांनाही आहे म्हणायचा. पण त्या क्षणीही माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हे त्यानं हिला सांगितलं. माझ्या उशाशी दोन वर्षं लोळून मला नाही सांगितलं.

“अन् तू त्याले माफ केलं?”

“काऊन करू माफ?” वच्छलाबाई एकदम ताडकन बोलली. “त्यानं येऊन हे सांगतलं त्या पहिल्या रोजी तर मी रागानंच हाक दिली, त्याच्या काळजाले लागावं म्हणून. थरथरला, रडला, अन् मंग त्यानं ओ दिली. मले काय झालं मालूम नाई, मी दुसऱ्या रोजीबी हाक दिली. चंदनची शेवटची हाक त्यानंच आइकली वं. माह्यापाशी ते नाई. अन् शेळ्या कोंडल्या का या घरात मले ओ देणारं कोणी नाई. ओ देईपर्यंत तो बाटलीले हात लावत नाई. मंग वाटेत तो पिते, ते माह्या हाती नाई.”

डॉक्टरांनी सांगितलेलं डोक्यात फिरत होतं. बाटलीचं बूच लावून बसलेला झिंगू मी दोन वर्षांत घरी एकदाही पाहिला नव्हता. आणि मग, ज्या बाईचं तोंड पाहायची इच्छा नव्हती तिच्यासमोर मी हात जोडले. “माह्या सांगण्यानं तो चंद्रपूरले येत नाई. तू चाल.”

“शेळ्या?”

“सासू पाहीन.”

ती आली. एसटीत झिंगू खिडकीशी, मी मधे, वच्छलाबाई कडेला. मधली जागा मी मुद्दाम घेतली होती. मूल गावाजवळ जंगल सुरू झालं तशी झिंगूची चुळबुळ वाढली, उतरतो म्हणाला. वच्छलाबाई पुढं वाकून एवढंच बोलली, “बसा गा भाऊ.” तो बसला. मी हेच तीनदा म्हटलं होतं.

दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं. सुया, गोळ्या, सलाईन. पहिले दिवस वाईट गेले, पण झटका आला नाही. हात कापायचे थांबले तेव्हा तिथल्या समुपदेशक रीता मॅडमनी त्याला बोलायला बोलावलं. मॅडम ब्रह्मपुरीच्या, आमच्यासारखंच बोलणाऱ्या. मी आणि वच्छलाबाई बाहेर बाकावर. दार लागलं, आणि थोड्याच वेळात आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला. दार उघडून झिंगू उंबऱ्यात उभा, छाती भात्यासारखी हलत होती.

“मले नाई जमत. पाठीमागं कोणीतरी आहे.”

मॅडम मागून शांतपणे म्हणाल्या, “दार उघडंच ठेवू. तुमी बसा. बाहेर तुमचीच माणसं आहेत.” तो आत गेला, पण बोलत नव्हता. मी वच्छलाबाईकडे पाहिलं, आता ही हाक देणार आणि हा माणूस तिचं ऐकणार म्हणून दात आवळून बसले.

तिनं मला कोपर मारलं. “दे ना वं.”

“मी?”

“मंग कोण? घरी त्याले रोज हाक कोण देणार?”

दवाखान्याच्या बोळात, नर्स ये-जा करत असताना, मी “हूऽऽ” केलं. आवाज फाटका निघाला. लोक पाहायला लागले. ओ आली नाही. माझे डोळे भरून आले; वाटलं, माझ्या हाकेला कशाला देईल. तरी दुसऱ्यांदा दिली.

आतून ओ आली. आणि त्यामागून त्याचा आवाज, अडखळत, मॅडमना सांगत होता, “त्या साली आमच्या झाडाले फुलं नव्हती...”

मी पदरानं तोंड पुसलं आणि जिंकल्यासारखी वच्छलाबाईकडे वळले. ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, चंदनच्या मातीच्या वेळीही नाही.

“आता तो तुले ओ देईन,” ती म्हणाली. “मले कोण देईन वं?”

मी फक्त तिच्याकडे जरा सरकून बसले.

झिंगू आता दर महिन्याला मॅडमकडे जातो. मधे दोनदा घसरला, परत सावरला. मॅडम म्हणतात असं होतं, घाबरायचं नाही. यंदा मोहाला तो जंगलात आला नाही, पण आणलेली फुलं त्यानं अंगणात वाळत घातली. संध्याकाळी तो आपल्या घरी, भिंतीला पाठ लावून बसतो. दोन घरं सोडून वच्छलाबाई शेळ्या कोंडते आणि हाक देते. आधी झिंगू ओ देतो, मग मी देते. माझी ओ जरा जास्तच मोठी असते.