पुलापासून बंधाऱ्यापर्यंत, सरळ

बाळांनो, तुम्ही दोघं तिकडे पोहण्याच्या क्लासला जाऊ लागलात आणि परवा फोनवर मला विचारलंत, "आजी, लांब पोहताना दम कसा पुरतो?" उत्तर आत्ताच लिहून ठेवते. आणखी वर्षभराने तुम्ही माझ्यापेक्षा जाणकार व्हाल, मग माझं ऐकणार नाही.

मी पोहायला शिकले विहिरीत, माझ्या माहेरी, शिरूर तालुक्यात. विहिरीत पोहणाऱ्याला पुढे जावं लागत नाही. तो गोल फिरतो आणि पाय असे आपटतो की काठावरची माणसं भिजली पाहिजेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धेत उतरायचं होतं. तुमच्या आजोबांनी अट घातली. भीमेत पुलापासून बंधाऱ्यापर्यंत होडीला हात न लावता पोहून दाखवायचं. जमलं तर समुद्र, नाहीतर विषय कायमचा बंद.

पावसाळा संपून बंधाऱ्याला ढापे टाकून पाणी अडवलं की नदी तळ्यासारखी शांत होते. पहिल्या सरावाला मी राहूच्या बाजूने, म्हणजे सासरच्या काठाने निघाले आणि थोड्याच वेळात पलीकडच्या, म्हणजे शिरूरच्या काठाच्या जलपर्णीत जाऊन अडकले. माझा दीर काठावरून ओरडला, "वहिनी, माहेराला निघालाय व्हय? जेवून तरी जायाचं."

हसू नका. कारण साधं होतं. माझा उजवा हात जोरकस, श्वासही मी उजवीकडेच घेणार, म्हणून अंग डावीकडे वळायचं. विहिरीत ते कधी कळलंच नव्हतं.

दौंडच्या तलावावरच्या प्रशिक्षक मुलीने मला पाण्यात पाहिलं आणि म्हणाली, "आजी, सगळी ताकद पायांत घालवताय. पाय नुसते हलते ठेवा. हात पुढे गेला की लगेच ओढू नका, जरा सरका. आणि श्वास दोन्ही बाजूंनी घ्या, तीन हातांनी एकदा." एवढं अंगवळणी पडायला माझा हिवाळा गेला.

परीक्षेच्या दिवशी आजोबांनी होडी माझ्या डाव्या हाताला ठेवली. मी वाकडी गेले असते तर होडीलाच लागले असते आणि खेळ तिथेच संपला असता. वल्ही मारायला गावातला एक मच्छीमार होता. आजोबांनी स्वतःकडे माझ्या आहाराचं खातं घेतलं होतं. आमच्या गुऱ्हाळाच्या गुळाचं पाणी, शेंगदाण्याचे लाडू, आणि ते माझ्यापर्यंत पोचवायला टोकाला प्लास्टिकचा मग बांधलेला एक लांब ऊस.

तीन हात मारून डावीकडे मान वळवली की आजोबा लाडू खाताना दिसत. पुढच्या तीन हातांनी उजवीकडे वळवली की काठाने चालणारा दीर दिसे. तो लोकांना समजावत होता, "आता वहिनीचा दम वाचतोय बघा, पाय मारीत न्हाईत." मग पुन्हा डावीकडे, आणि डब्यात आणखी एक लाडू कमी.

"अहो, ते माझे आहेत," मी एका श्वासात म्हणाले.

"तू पोहण्यात लक्ष घाल," ते म्हणाले.

बंधारा दिसू लागला तेव्हा माझे खांदे भरून आले होते. पाय पुन्हा आपटायला लागले. पाणी खूप उडत होतं आणि मी जागची हलत नव्हते. आजोबांनी ते पाहिलं आणि घाबरून ऊस घेऊन उभे राहिले. होडी कलली. आधी उसाचा मग पाण्यात गेला, मागोमाग तुमचे आजोबा. अंगात नारिंगी जाकीट होतं, म्हणून बुचासारखे वर आले आणि दोन्ही हातांनी होडीला लटकले.

मी थांबले.

"थांबतेस कशाला?" ते गुळण्या टाकत म्हणाले. "होडीला मी हात लावलाय, तू न्हाई. जा."

मला हसू आलं आणि हसताना पाय आपोआप सैल पडले. मग मी हात लांबवत, सरकत सरकत गेले आणि बंधाऱ्याच्या दगडाला हात टेकला. आजोबा ओल्या धोतराने काठावर आले आणि दिराला म्हणाले, "समुद्राला जायाची तयारी करा. लाडू जास्ती करायला सांगा."

समुद्रात मी पोहून आले. बहुतेक सगळ्यांच्या नंतर पोचले, पण सरळ रेषेत पोचले. आता खांदा दुखतो, तेवढं अंतर झेपत नाही. पण नदी शांत असली की दर रविवारी सकाळी आम्ही पुलापासून बंधाऱ्यापर्यंत जातो, मी पाण्यातून आणि आजोबा होडीत बसून.