उचलतो

वहिनीचं इस्त्रीचं दुकान आमच्या जिन्याखाली आहे. दुकान कसलं, एक लांब टेबल, त्यावर जाड घोंगडी, दोन इस्त्र्या आणि भिंतीला खुंट्या. मागच्या दारातून आत गेलं की तिची राहायची खोली आणि मोरी. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजतात, पण बसा म्हटलं की अंगावर येते. गिऱ्हाइकाशी बोलताना मान वर करत नाही. "बटण तुटलेलं आहे, आत्ताच बघून घ्या. मागाहून माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत."

माझा थोरला भाऊ तिचा नवरा. पंखे दुरुस्त करायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला. 'गेला' म्हटलेलं वहिनीला चालत नाही, म्हणून सरळ लिहितो: तो मेला. मला लिहायची सवय नाही. आमच्यात लिहिणारा एकच, वहिनीचा मुलगा, आणि सगळा घोळ त्याच्यामुळेच झाला.

तो दुसऱ्या शहरात नोकरी करतो आणि कथा लिहितो. वडिलांच्या मरणावर त्याने लिहिलेली कथा एका मासिकात छापून आली. आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. समोरच्या शाळेतल्या बाई साड्या न्यायला आल्या आणि डोळ्यांत पाणी आणून वहिनीचा हात धरून उभ्या राहिल्या.

"काकू, किती शांतपणे निरोप दिलात हो! तुमच्या मांडीवर डोकं ठेवून गेले ना काका?"

"कुणाच्या मांडीवर?"

"तुमच्या."

"माझ्या मांडीवर मुलाशिवाय कुणी डोकं ठेवलेलं नाही. हे मोरीच्या दारात पडले. साड्या पाच आहेत, मोजून घ्या."

बाई कसनुसं हसल्या, मासिक टेबलावर ठेवून गेल्या. वहिनीला बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा वाचायचं काम माझ्याकडे आलं. कथेत खिडकीपाशी पलंग होता. (आमच्या त्या खोलीला खिडकीच नाही.) नवरा क्षीण आवाजात म्हणतो, "माझं काही चुकलं असेल तर..." बायको त्याच्या ओठांवर हात ठेवते. म्हणते, "आता काही बोलू नका." मग संध्याकाळ होते आणि तो मावळतो.

"मावळतो?" वहिनी म्हणाली. "हा काय सूर्य लागून गेला होता?"

खरं काय झालं ते मी पाहिलं आहे. सकाळची वेळ होती, मी जिन्यावर बसून पेपर चाळत होतो. दादा आंघोळ करून आला आणि त्याने ओला टॉवेल टाकला तो नेमका इस्त्री करून ठेवलेल्या शर्टांच्या चळतीवर. वहिनी कडाडली, "अहो, उचला तो टॉवेल! डोळे फुटले का?" दादा म्हणाला, "उचलतो." आणि न उचलताच आत वळला. वहिनीचा पट्टा चालूच. "उचलतो म्हणे! नळ बघतो, डॉक्टरला दाखवतो, आता उचलतो. या माणसाचा जन्म 'बघतो' आणि 'करतो' यातच जायचा!" छातीत दुखतंय हे तो बरेच दिवस गॅस म्हणून उडवून लावत होता. तिचं बोलून संपलं तेव्हा तो मोरीच्या दारात मरून पडलेला होता. आम्ही चौघांनी त्याला उचलला. टॉवेल शर्टांवर तसाच.

कथा गाजली. गिऱ्हाइकं येऊन वहिनीकडे देवीकडे बघावं तसं बघायला लागली. कुणी म्हणे, असं मरण भाग्याचं. कुणी म्हणे, अशी बायको भाग्याची. ती इस्त्री अशी आपटायची की वरच्या मजल्यावर ऐकू जाई. मग मुलाचा फोन आला: पुस्तक निघतंय, ही कथा त्यात शेवटची आहे, सोमवारी मजकूर छापायला जाणार, आणि प्रकाशनाला आईने स्टेजवर बसायचं. रविवारी तो स्वतः आमंत्रण द्यायला आला. नवी साडीही आणली होती.

"स्टेजवर त्या बाईला बसव," वहिनी म्हणाली. "ती तोंडावर हात ठेवणारी."

"आई, कथा आहे ती."

"मग आपल्या बापाला कशाला घातलंस तिच्यात? शेवट बदल. आज बदल. उद्या छापायला गेलं की मी मरेपर्यंत तीच बाई होणार."

"लोकांना आधार वाटतो गं अशा शेवटाने. किती पत्रं आली."

"माझ्या जिवावर आधार? उचलली जीभ लावली टाळ्याला!"

"आणि खरं लिहिलं तर? टॉवेल? लोक हसतील, आई."

"हसू देत! त्यांनी माफी मागितली नाही मरेपर्यंत, आणि तू परस्पर त्यांच्या तोंडात घातलीस. दुखणं अंगावर काढलं, माझं ऐकलं नाही. मी ओरडत राहिले आणि हे तिकडे मरून मोकळे. मला राग येतो त्यांचा. रोज येतो, इस्त्री तापते तसा. त्यांचं म्हणून तेवढंच राहिलंय माझ्याकडे, आणि तेही तू उचललंस. चोर कुठला!"

मी म्हणालो, "वहिनी, जरा हळू."

"भाऊजी, तुम्ही मधे पडू नका."

मुलगा साडीची घडी उगाच उलगडत बसला होता. मग तोही चिडला.

"मी कुठे होतो तिथे? मला काय दिसलं? काकांनी फोन केला, म्हणाले, 'दादा गेला.' मी म्हटलं, 'कुठे?' काका परत म्हणाले, 'अरे, गेला.' मी परत विचारलं, 'पण कुठे गेला? मोबाईल नाही का नेला?' एवढंच आहे माझ्याकडे बाबांचं मरण. ते किती वेळा आठवायचं? मग घातली खिडकी. घातली मांडी. निदान कुणीतरी जवळ होतं, असं केलं."

हे खरं होतं. फोन मीच केला होता.

वहिनीने इस्त्री उभी करून ठेवली. वाटलं, आता विरघळेल. ती म्हणाली, "मग ते लिही की, गाढवा."

तो न जेवताच गेला. साडी टेबलावर राहिली. वहिनीने ती गिऱ्हाइकांच्या कपड्यांत टांगून ठेवली. प्रकाशनाला आम्ही कुणी गेलो नाही.

पुस्तक कुरिअरने आलं. वहिनी म्हणाली, "शेवटचं वाचा." मी घाबरत घाबरतच उघडलं. खिडकी नव्हती. बायको ओरडते, "उचला तो टॉवेल!" नवरा म्हणतो, "उचलतो." पुढे ती बोलतच राहते, पानभर, आणि तिला उत्तर येत नाही. मग दुसऱ्या शहरात फोन वाजतो. "दादा गेला." "कुठे?" तिथेच कथा संपते.

"टॉवेलचं परत वाचा."

मी वाचलं. 'उचलतो'पाशी तिने मला हातानेच थांबवलं.

"उचलतो म्हणे!" माझ्या डोक्यावरून मोरीच्या दाराकडे बघत ती कडाडली. "उचललात का? सांगा, उचललात? नळ अजून गळतोय तो गळतोय! डॉक्टरकडे जायला काय पायांत काटे मोडले होते? मी म्हणजे मेली बोलायलाच ठेवलेली, नाही का?" अशी किती वेळ बोलली कुणास ठाऊक. तीन वर्षांत तिचा असा मोकळा आवाज मी ऐकला नव्हता.

दारात एक नवीन गिऱ्हाईक पँट घेऊन उभं होतं. माझ्याकडे कीव करून बघत म्हणालं, "काय केलंत हो आजोबा?"

"मी नाही. माझा भाऊ."

"मग बोलणी तुम्ही का खाताय? ते कुठे गेलेत?"

"गेलेले नाहीत," वहिनी म्हणाली. "मेलेत. पँटला क्रीज हवी की नको?"