देऊळ बोलतंय

मी गावात पाय ठेवला आणि तासाभरात माझी सगळी माहिती भोंग्यावरून जाहीर झाली. शाळेजवळच्या खोलीत मी वळकटी सोडत होते, तेवढ्यात डोक्यावर घरघर झाली आणि एक खर्जातला आवाज बोलू लागला, "आयका हो आयका, देऊळ बोलतंय. शाळंत नव्या बाई आल्यात. सांगलीच्या हायत्या. एकल्याच हायत्या. दूध कुणाकडनं घ्यायचं त्ये अजून ठरल्यालं न्हाई. म्हशीवाल्यांनी जाऊन इचारावं, आन् पाणी घालणाऱ्यांनी जाऊ नगं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तशीच तरातरा देवळात गेले. सभामंडपाच्या कोपऱ्यात, भैरोबाच्या पालखीशेजारी एका टेबलावर रेडिओ आणि माइक मांडला होता. त्यासमोर उघड्या अंगाचा, कपाळभर भंडारा लावलेला, काडीसारखा एक माणूस फडक्याने माइक पुसत बसला होता. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "बसा बाई. म्हशीवाले आले का?" आले होते. वाटेतच तिघांनी मला गाठलं होतं. माझं भांडण तिथंच बारगळलं.

हे ज्ञानू गुरव. सगळं गाव त्यांना गुरवनाना म्हणायचं. गाव कडेगावच्या पुढे, सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना आपलं वाटणारं आणि दोघांनीही फारसं लक्ष न दिलेलं. गावासाठी मिळालेला सार्वजनिक रेडिओ खरं तर पंचायतीच्या खोलीत असायचा. पण ती खोली गळायची आणि तिची किल्ली ज्याच्याकडे तो गावात नसायचा. देऊळ मात्र पहाटेपासून उघडं. म्हणून रेडिओ देवळात आला, शिखरावर भोंगा चढला, आणि देवाची पूजा करणाऱ्या माणसाकडे गावाला बातम्या पुरवायचं काम आपोआप आलं.

पहाटे देवाला आंघोळ घालायची, भंडारा लावायचा आणि मग रेडिओ लावायचा, हा नानांचा क्रम. बातम्या आणि शेतकऱ्यांचा कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून ते स्वतः सुरू व्हायचे. "सांगलीला गुळाचा भाव चढाय लागलाय. आज गाडी भरू नगा, दोन दिस दम धरा. सकाळची येस्टी आज यायची न्हाई, डायवर आजारी हाय. रामा न्हाव्याचं रेडकू सुटलंय, कुणाच्या रानात शिरलं तर मारू नगा. त्ये गरीब हाय, रामा बी गरीब हाय." बातमीला स्वतःचं मत जोडल्याशिवाय त्यांना राहवत नसे. माझ्या आईचं पत्र आलं की पोस्टमन माझ्याकडे यायच्या आधी नाना सांगून मोकळे व्हायचे, "बाईंचं पत्र आलंय. जाड हाय. बहुतेक लग्नाचं आसंल." दुसऱ्या दिवशी चौथीची मुलं माझ्याकडे बघून फिदीफिदी हसायची.

एकच बातमी ते मत न जोडता सांगत. गावात कुणी गेलं, की नाना बटण दाबायचे आणि काही वेळ बोलायचेच नाहीत. भोंग्याची नुसती घरघर ऐकू यायची. ती लांबली की बायका चुलीवरचं उतरवून दारात यायच्या, रानातली औतं थांबायची. मग नाव आणि वेळ, एवढंच. मी एकदा त्यांना याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "एकदम सांगू न्हाई बाई. माणसाला आदी हातातलं खाली ठेवू द्यावं."

पुढे गावात आप्पांचा नवस फिटला. आप्पा म्हणजे गावातले सगळ्यात मोठे ऊसवाले. बांगलादेशच्या लढाईत त्यांचा थोरला मुलगा आघाडीवर होता. तो सुखरूप परत आला तर गावात दिवसभर देवाचं नाव घुमवीन, असं ते भैरोबाला बोलले होते. मुलगा आला. आप्पा शब्दाचे पक्के. दोन सुग्या पदरात पडल्यावर त्यांनी मिरजेहून नवं मशीन आणलं, जुना भोंगा उतरवून चार दिशांना तोंड करून चार भोंगे शिखराला बांधले, आणि भजनांच्या रेकॉर्डींची एक पेटीच नानांच्या हवाली केली. अट एकच होती. या मशीनवर देवाचं नाव सोडून दुसरं काही लागता कामा नये.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी भजन सुरू झालं, ते काही थांबेना. खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. माझ्या पत्रांची जाडी गावाला कळायची बंद झाली. पण हळूहळू ध्यानात येऊ लागलं. गूळ उतरला त्याच दिवशी लोक गाड्या भरून सांगलीला गेले. बंद पडलेल्या येस्टीची वाट बघत बाळंतीण फाट्यावर उन्हात बसून राहिली. देवीच्या लशीची जीप शाळेत आली तेव्हा मी आणि ते टोचणारे गृहस्थ एकमेकांची तोंडं बघत बसलो. वस्तीवरची एकही आई आली नाही, कारण कुणाला कळलंच नव्हतं. भोंगे चार होते, आवाज पार ओढ्यापल्याड जात होता, आणि गाव मुकं झालं होतं.

मी चिडून देवळात गेले. नाना रेकॉर्डीवरची धूळ धोतराच्या सोग्याने टिपत होते.

"नाना, तुम्ही तरी बोला. तुम्ही पुजारी. तुमचं ऐकतील."

"मी बोललोय भैरोबाला."

"भैरोबाला नव्हे, आप्पांना!"

ते हसले. "बाई, देवाला रोज आंघूळ मी घालतो. त्येचे कान मला ठावं. त्येला वरडून सांगाय लागत न्हाई. माणसाला सांगाय लागतं. पर आप्पाचा नवस हाय. नवस म्हंजे काय, बापाचं काळीज हाय त्ये. त्येच्यावर पाय कसा देऊ?"

लढाईच्या दिवसांत आप्पांच्या मुलाचं खुशालीचं कार्ड आलं होतं. आप्पा रानात होते. नानांनी ते भोंग्यावरून सांगितलं आणि आप्पा पाटात फावडं टाकून घरापर्यंत पळत आले होते. ही गोष्ट साऱ्या गावाला माहीत होती. मी म्हटलं, "त्या कार्डाची आठवण करून द्या की त्यांना. एका शब्दात काम होईल."

नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गात वाईट शब्द बोलले होते. "दिल्यालं बोलून दाखवू न्हाई बाई. मग त्ये दिलं कुटं?"

शेवटी दिवाळी उलटल्यावर माणसंच कुरकुरू लागली. सभा भरली. निम्मे म्हणाले, देवाचं नाव बंद केलं तर कोप होईल. निम्मे म्हणाले, गुळाचे भाव न कळल्याने कोप झालाच आहे. वाद हातघाईवर आला तेव्हा कुणीतरी ओरडलं, "लावा कौल!" आणि सगळे गप्प झाले. आमच्याकडे माणसांना ठरवता येत नाही ते देवावर सोपवतात. देवाच्या छातीवर उजव्या आणि डाव्या बाजूला एकेक ओली कळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौल लागेपर्यंत पुजाऱ्याने देवाकडे पाठ करायची नाही; तो मोठा अपराध.

रविवार ठरला, भैरोबाचा वार आणि गावचा बाजार. कौलापुरतं भजन थांबवलं. देऊळ गच्च भरलं. कळ्या नानाच लावणार, म्हणून कुणीतरी मागून पुटपुटलं, "डावीला पाणी कमी लावंल गुरव, म्हंजे ती आदी सुकून पडंल." नानांनी ऐकलं. पाण्याचा तांब्या त्यांनी आप्पांच्या हातात दिला. "तुमी भिजवून द्या. मी नुसत्या लावतो." मग त्यांनी मोठ्याने विचारलं, "देवा, ह्या भोंग्यावर निस्तं तुजंच नाव लागावं का? सांग." आणि हात जोडून उभे राहिले.

कळ्या काही हलेनात. ऊन चढलं, माणसं घामेजली. नानांची नजर देवावरून ढळली नाही. त्यांचा भोंगा कायमचा जाणार की राहणार, ते त्या दोन कळ्यांवर होतं, आणि हे त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

तेवढ्यात देवळाच्या पायरीवर एक धनगरीण येऊन कोसळली. आटपाडीकडची मेंढरं ओढ्याकाठी बसली होती, त्यांतली ती. "आवं माझी ठकी गावंना! कोकराच्या मागं गेली ती उसात शिरली. हाका मारून दमलो. पलीकडं हीर हाय!"

ऊस आप्पांचाच होता, पुरुषभर उंचीच्याही वर गेलेला, शेवटी कठडा नसलेली विहीर. पाच वर्षांची पोर. तरणी माणसं लगेच उठली, "चला रं, चारी बाजूनं वरडत शिरू!"

"थांबा!" हा आवाज नानांचा होता. मी वळून बघितलं. त्यांनी देवाकडे पाठ केली होती.

"चारी बाजूनं वरडला तर पोर कावरीबावरी हुईल, आनि आत जाईल. पळत जावा, हिरीच्या कडंनं हुबं ऱ्हावा, पर त्वांडातनं शबूद काढू नगा." असं म्हणत ते माइकपाशी पोचलेसुद्धा. नव्या मशीनचं बटण दाबलं. "आयका हो आयका, देऊळ बोलतंय. धनगराची पोर आप्पाच्या उसात चुकलीया. गिरण बंद करा. इंजिनं बंद करा. गुऱ्हाळ थांबवा. कुणीबी बोलू नगा. गावानं गप ऱ्हावं."

बाजाराचा रविवार होता, तरी गाव गप्प झालं. गिरणीचा पट्टा थांबला. पाटावरची इंजिनं एकेक करून थांबली. मी त्या गावात इतकी वर्षं काढली, पण तशी शांतता पुन्हा अनुभवली नाही.

नानांनी त्या बाईला माइकसमोर बसवलं. ती हुंदके देत होती. नाना हळू आवाजात म्हणाले, "रडू नगं माझे बाई. तू रडलीस तर पोर भिईल. मेंढरास्नी बोलावतीस न्हवं, तसं बोलाव."

तिने डोळे पुसले आणि हाळी दिली. "हुर्रर्र... हुर्रर्र... ठके, ये गं. आई हितं हाय. हितं ये." लांबलचक, सुरात, सांजेला कळप वळवताना देतात तशी. चारी भोंग्यांतून ती हाळी चारी दिशांना गेली. पुन्हा दिली. पुन्हा दिली. माइकपाशी ती बाई आणि नाना सोडले तर देवळात आता कुणी उरलंच नव्हतं; सगळे बाहेर, उसाच्या कडेने श्वास धरून उभे. मीही होते, आप्पाही होते.

ऊस एका जागी सळसळला. विहिरीच्या बाजूला नव्हे, अलीकडे, देवळाच्या अंगाला. पाल्याने गाल कापलेली ठकी बाहेर आली, छातीशी कोकरू कवटाळलेलं. तिने शिखराकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "आई वर कशी चढली?"

माणसं हसली आणि रडलीही. आप्पांनी तिला कोकरासकट उचललं.

देवळात परतल्यावर कुणाला तरी कौल आठवला. सगळे गाभाऱ्याशी गेले. दोन्ही कळ्या देवाच्या पायाशी पडल्या होत्या.

"आदी कुटली पडली?" एकाने विचारलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"हितं गाभाऱ्याशी कोण व्हतं?"

"देव एकलाच व्हता," नाना म्हणाले. "आन् त्यो तरी कळ्यांकडं बघत आसंल असं मला वाटत न्हाई. तुमी सगळी तिकडं पळाला, त्येचंबी ध्यान तिकडंच आसणार." मग त्यांनी कान पकडले. "मी पाठ केली देवा. चूक झाली. पुन्यांदा तशीच येळ आली तर पुन्यांदा करीन."

कौल पुन्हा लावा, असं कुणीतरी म्हणालं. आप्पांनी हात वर केला. ठकी अजून त्यांच्या कडेवर होती. "नगं. माझ्या पोराचं कार्ड ह्यो गुरव भोंग्यावर बोलला व्हता. मी इसरलो व्हतो. त्या दिशी भजन चालू आसतं, तर माझ्या घरात सांजपातुर चूल पेटली नसती." मग ते नानांकडे वळले. "नाना, पहाटं देवाचं नाव लावा. मागनं तुमचं चालू द्या."

तेव्हापासून तसंच चाललं. पहाटे भजन, मग गूळ, येस्टी, रेडकू आणि माझी पत्रं. एका जाड पत्राबाबत नानांचा अंदाज अखेर खरा ठरला, आणि तेही त्यांनी गावाला सांगितलं. आटपाडीची मेंढरं दरवर्षी जाता-येता ओढ्याकाठी बसायची. ठकीच्या आईने नानांना एक घोंगडं दिलं होतं. त्यांनी ते अंगावर कधी घेतलं नाही, मशीनखाली अंथरलं. "ह्येला गारठा लय लागतो," म्हणायचे.

ते दशक संपता संपता नाना थकले. मी भेटायला गेले तेव्हा अंथरुणातून म्हणाले, "बाई, माझी खबर तुमी द्या. तुमचा आवाज सवच्छ हाय. आन् येस्टीचं सांगायचं इसरू नगा. मी गेलो म्हणून काय लोकांस्नी फाट्यावर तिष्ठत ठेवायचं?"

त्या सकाळी मी माइकपाशी बसले. घोंगडं तसंच होतं. बटण दाबलं आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. भोंगे नुसते घरघरत राहिले. दारातून मला दिसत होतं, समोरच्या बायका हातातलं खाली ठेवत होत्या, गिरण थांबली होती, आप्पा काठी टेकत देवळाकडे निघाले होते. मी काही सांगायची गरज उरली नव्हती. तरी मी सांगितलं. नाव सांगितलं, वेळ सांगितली. मग डोळे पुसले, कारण नाना म्हणायचे, रडलं की ऐकणारा भितो.

आणि म्हटलं, "आयका हो. सकाळची येस्टी आज वेळेवर आहे."